खाडी एकच, पेपर तीन: जर्नलसाठी लेख तयार करताना

जर्नलला पेपर पाठवायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी फाँटकडे जातो. टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास. हे सगळं एका रविवारच्या दुपारी उरकतं. पेपर ज्यामुळे परत येतो त्या गोष्टी मात्र रविवारी दुपारी दुरुस्त होत नाहीत. हा लेख वाचणार कोण, त्यात प्रश्न एक आहे की पाच, आणि आपण जे म्हणतोय ते वाचणाऱ्याला तपासून बघता येईल का, हे लिहायला बसण्याआधीच ठरवावं लागतं.

मुंबईतल्या संशोधकांचे पेपर पाठवण्याआधी तपासून देणं हा माझा रोजचा उद्योग. सूक्ष्मजीवांपासून लावणीपर्यंत विषय काहीही असतो, अडतं मात्र ठरलेल्या ठिकाणी. तीच ठिकाणं इथे दाखवते. नियमांची जंत्री देत नाही, कारण ती प्रत्येक जर्नलच्या संकेतस्थळावर असते आणि अधूनमधून बदलतही असते. नियम कोणाच्या सोयीसाठी केलाय ते मात्र क्वचितच कुणी सांगतं, म्हणून भर त्यावर.

जर्नल आधी, लेखन नंतर

ठाणे खाडीचं उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. समजा, तुम्ही या खाडीवर तीन वर्षं काम केलंय. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची मोजदाद केली, काठावरच्या कोळीवाड्यांतल्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, आणि चिखलात उतरून काम करणाऱ्यांच्या त्वचेच्या तक्रारीही एका डॉक्टर मित्राच्या मदतीने नोंदवल्या. हे सगळं एका पेपरात बसवायचा मोह होतो. बसवू नका.

पक्ष्यांची मोजदाद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलला शोभेल. ते १८८६ पासून निघतंय आणि त्याच्या वाचकाला प्रजाती, ऋतू, भरती-ओहोटीच्या वेळा आणि मोजण्याची पद्धत यांत रस आहे. मुलाखतींवरचा लेख इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीकडे जाऊ शकतो. मुंबईतूनच निघणारं हे साप्ताहिक १९४९ मध्ये इकॉनॉमिक वीकली म्हणून सुरू झालं आणि १९६६ पासून आजच्या नावाने चालतं. तिथल्या वाचकाला खाडीवर हक्क कोणाचा, उत्पन्न कुठे गेलं, धोरणात काय चुकलं, हे हवं असतं. त्वचेच्या तक्रारींसाठी जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनसारखी जागा आहे. सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या या जर्नलचा संपादक पहिल्यांदा विचारेल, निदान कोणी केलं, कशावरून केलं आणि एथिक्स कमिटीची (माणसांवरचं संशोधन नैतिक चौकटीत आहे का हे बघणाऱ्या समितीची) परवानगी कुठे आहे.

खाडी तीच, काम करणारे हातही तेच, पण तिन्ही लेखांचा सांगाडा, लांबी, गोषवारा आणि संदर्भ देण्याची रीत वेगळी. वीकलीच्या विशेष लेखाला टिपांसह ८,००० शब्दांची मर्यादा आहे. वैद्यकीय जर्नलांत त्याच्या निम्म्यात आटपावं लागतं आणि गोषवाराही पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष असा तुकड्यांत द्यावा लागतो. म्हणूनच आधी लिहून मग जर्नल शोधणाऱ्याला सगळं दोनदा करावं लागतं. चर्चगेटला जायचंय आणि हार्बरची गाडी पकडली, तर खिडकीची जागा मिळून उपयोग काय?

रिव्ह्यूअरकडे, म्हणजे लेख तपासणाऱ्या विषयतज्ज्ञाकडे, न जाताच संपादकाच्या टेबलावरून पेपर परत येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे हा बेमेळ. ते टाळायला सोपी युक्ती आहे. जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक उघडा आणि तुमच्या विषयाच्या जवळचे निदान तीन लेख शोधा. सापडले नाहीत तर ती जागा तुमची नाही. सापडले तर त्यांच्या प्रस्तावना किती लांब आहेत, तक्ते किती आहेत, संदर्भ किती आहेत ते बघा. सूचनांच्या पानावर नसलेली माहिती इथे मिळते.

इथेच बनावट जर्नलांचा विषय येतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर ही मान्य जर्नलांची यादी २०१९ पासून होती, तेव्हा निदान एक आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. प्रमोशनसाठी गुण हवेत, मुदत जवळ आलीय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असा संदेश येतो. तीन दिवसांत कुठलाही जाणकार तुमचा लेख नीट वाचून मत देत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. नावात 'इंटरनॅशनल', विषयांत अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सगळं, आणि रिव्ह्यूच्या आधीच पैशांची मागणी, अशी लक्षणं एकत्र दिसली की तिथून निघा. संपादक मंडळातली दोन-चार नावं त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन तपासा. आयएसएसएन क्रमांक आहे म्हणून भुलू नका, तो नुसता ओळख क्रमांक असतो, दर्जाचा दाखला नव्हे. उलट, पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असंही नाही. लेख सर्वांना फुकट वाचायला ठेवणारी अनेक चांगली जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात, पण ते लेख स्वीकारल्यानंतर, आणि रक्कम आधीपासून जाहीर असते.

आणि एक पेपर एका वेळी एकाच ठिकाणी. नोकरीचे अर्ज चार ठिकाणी करतो तसं इथे चालत नाही. उघडकीला आलं तर दोन्हीकडून परत येतो, नाव खराब होतं ते वेगळंच.

प्रबंधातलं प्रकरण तसंच उचलू नका

प्रबंध परीक्षकांसाठी असतो. मी या विषयातलं सगळं वाचलंय, हे त्यात सिद्ध करायचं असतं, म्हणून पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला ४० पानं लागतात. जर्नलच्या वाचकाला तुम्ही काय वाचलंय याच्याशी कर्तव्य नाही. त्याला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर हवं असतं. आधी काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं आणि त्यातलं तुम्ही काय शोधलंत, एवढं प्रस्तावनेत दीड-दोन पानांत यावं. 'मानव हा समाजशील प्राणी आहे' किंवा 'आजच्या धकाधकीच्या युगात' इथून सुरुवात असेल तर तो परिच्छेद निर्धास्त कापा. अर्थाला धक्का लागत नाही, हे माझं अनेक फायलींवरचं निरीक्षण.

विज्ञान, वैद्यक आणि बऱ्याच सामाजिक शास्त्रांत प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा हा चौकटीचा क्रम असतो. तो साचेबद्ध वाटतो, पण वाचणारे पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाहीत. कोणी फक्त पद्धत बघतो, कोणी फक्त तक्ता क्रमांक २. ठरलेली गोष्ट ठरलेल्या जागी असली की त्यांचं काम होतं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांत ही चौकट लादायची गरज नाही. तिथे लेखाचा क्रम युक्तिवादाने ठरतो. एका संतकवीवरच्या लेखात 'संशोधन पद्धती: वर्णनात्मक व विश्लेषणात्मक' असं एक ओळीचं उपशीर्षक टाकलेलं दिसतं, तेव्हा तो रकाना नुसता भरायचा म्हणून भरलाय हे कोणालाही कळतं.

पद्धतीच्या भागाची कसोटी अशी की दुसऱ्या कोणी तो वाचून तुमचं काम पुन्हा करायला घेतलं तर त्याला तुम्हाला फोन करावा लागू नये. 'यादृच्छिक पद्धतीने कुटुंबं निवडली' म्हणजे कशी? मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून, की संध्याकाळी बंदरावर जी भेटली ती? दुसरं असेल तर तसंच लिहा. सोयीनुसार निवडलेला नमुना हा काही गुन्हा नाही. त्याला यादृच्छिक म्हणणं मात्र रिव्ह्यूअर सोडत नाही.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या करा, मग पद्धत, मग निष्कर्ष, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना. गोषवारा आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. घाईत नेमका गोषवाराच हातातून निसटतो, आणि पूर्ण लेख वाचणाऱ्यांपेक्षा फक्त गोषवारा वाचणारे कितीतरी जास्त असतात. म्हणून तो जरा जवळून बघू.

फायलींत सर्रास येतं ते वाक्य असं: 'प्रस्तुत शोधनिबंधात ठाणे खाडीतील मासेमारी व्यवसायाच्या विविध पैलूंचा सखोल आढावा घेण्यात आला असून त्या अनुषंगाने महत्त्वपूर्ण निष्कर्ष व शिफारशी मांडण्यात आल्या आहेत.' यात बातमीच नाही. कोणते पैलू, कोणते निष्कर्ष? हे वाक्य जसंच्या तसं सोलापूरच्या चादर उद्योगाच्या पेपरावरही चिकटवता येईल. आता हे बघा, आकडे अर्थातच काल्पनिक: 'खाडीच्या पूर्व काठावरच्या ४० कोळी कुटुंबांच्या मुलाखतींनुसार, गेल्या दहा वर्षांत ३१ कुटुंबांनी खाडीतली मासेमारी कमी केली किंवा सोडली. प्रदूषणाइतकंच ठळक कारण म्हणून होडी लावायची जागा गेल्याचं त्यांनी सांगितलं.' दुसऱ्या नमुन्यात ठिकाण आहे, संख्या आहे, आणि वाचणाऱ्याला जरा अनपेक्षित वाटेल असं एक विधान आहे. गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा पुढे लेखात तसाच सापडला पाहिजे, हेही बघा. गोषवाऱ्यात ३१ आणि तक्त्यात २९, हे वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा होतं, कारण तक्ता नंतर सुधारलेला असतो.

शीर्षकात 'एक अभ्यास', 'एक चिकित्सक अभ्यास', 'विशेष संदर्भात' हे शब्द असतील तर काढून बघा काय उरतं. कळीचे शब्द निवडताना शीर्षकातलेच शब्द पुन्हा देण्यापेक्षा, शोधणारा माणूस दुसरा कुठला शब्द टाकेल याचा विचार करा.

आकडे आणि तक्ते

सांख्यिकी सॉफ्टवेअर पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) '.०००' असं दाखवतं आणि तसंच ते पेपरात उतरतं. शक्यता शून्य कधीच नसते. सॉफ्टवेअरने फक्त तीन दशांशांपर्यंत छापलेलं असतं. तिथे 'पी ०.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं. १२ जणांपैकी ८ जणांना '६६.६७ टक्के' म्हणणं हे दुसरं उदाहरण. दोन दशांशांनी अचूकतेचा आव येतो, पण एक माणूस इकडचा तिकडे झाला तर ते ५८ किंवा ७५ होतं. नमुना लहान असेल तर सरळ '१२ पैकी ८' लिहा. परदेशी जर्नलला पाठवताना लाख-कोटींचं मिलियन करा, आणि रुपयांचे डॉलर केले असतील तर कोणत्या वर्षाच्या दराने ते सांगा.

तक्ता वर्डमध्येच बनवा, त्याचा फोटो चिकटवू नका. छपाईसाठी तो पुन्हा जुळवला जातो आणि फोटोतले आकडे कोणालातरी हाताने टाइप करावे लागतात, तिथे चुका शिरतात. तक्त्याचं शीर्षक इतकं पूर्ण हवं की लेख न वाचताही तो कळावा. छायाचित्रं साधारण ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपक्यांची) मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, तेव्हा मूळ फाइल मागून घ्या. आलेखात लाल-हिरव्या रेषांनीच फरक दाखवला असेल तर एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. रंगांधळेपणा असलेल्या वाचकालाही तो तसाच दिसण्याचा संभव असतो.

संदर्भ: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उघडा पडणारा भाग

शैली अनेक आहेत, पण घराणी मुख्यतः दोन. एकात लेखाच्या ओघात लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत चालणारी एपीए शैली यातली, तिची सातवी आवृत्ती २०१९ ची. दुसऱ्यात नुसता क्रमांक येतो आणि सूची त्या क्रमाने लागते. वैद्यकातली व्हँकूव्हर शैली ही. इतिहासवाल्यांना तळटिपा प्रिय, त्यांच्यासाठी शिकागो. कोणती चांगली हा वाद निरर्थक आहे, जर्नल मागेल ती. मात्र एका लेखात दोन शैलींची खिचडी दिसली की रिव्ह्यूअरला शंका येते, की संदर्भ दुसऱ्याच्या लेखातून उचललेत.

ती शंका रास्त का, हे एका खऱ्या उदाहरणावरून दिसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. 'कास्ट्स इन इंडिया' हा तो निबंध पुढे मे १९१७ मध्ये इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला. आजही असंख्य संदर्भसूच्यांत त्याचा खंड ४१ दिलेला असतो. आता इंडियन अँटिक्वेरी १८७२ मध्ये सुरू झालं आणि दर वर्षी एक खंड निघाला. बोटांवर मोजलं तरी १९१७ चा खंड ४६ येतो. ४१ वा खंड १९१२ चा. एका ठिकाणची चूक पुढच्याने घेतली, त्याच्याकडून तिसऱ्याने, आणि मूळ अंक उघडायची तसदी फार थोड्यांनी घेतली. एपीए शैलीत तो संदर्भ असा होईल: आंबेडकर, बी. आर. (१९१७). कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. इंडियन अँटिक्वेरी, ४६, ८१–९५. लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं. या सहा तुकड्यांतला एक चुकला तरी ग्रंथालयातला माणूस चुकीच्या मांडणीपुढे जाऊन उभा राहतो. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत जुने खंड मागवून बघितलेले असतील तर हे चटकन पटेल.

संदर्भ हाताने टाइप करत बसू नका. झोटेरो हे सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि जर्नल बदललं की शैली एका क्लिकमध्ये बदलतं. त्यात आलेली माहिती मात्र डोळे झाकून मान्य करू नका. लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) असेल तर तो टाकून माहिती ओढा, आणि मग नावं, वर्ष, पानं मूळ लेखाशी ताडून बघा. चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक संदर्भ तर मूळ ठिकाणी जाऊन उघडाच. अस्सल वाटणारे, पण अस्तित्वातच नसलेले लेख ते सहज रचतात.

मराठी साधनं वापरणाऱ्यांपुढे आणखी काही प्रश्न असतात, आणि इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत त्यांची उत्तरं नसतात. पहिला फाँटचा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली जुनी उद्धरणं दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची भेळ दिसते. सगळं युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर जोडाक्षरं नि रफार एकेक वाचून काढा, कारण रूपांतर करताना मार तिथेच बसतो. दुसरा, इंग्रजी लेखात मराठी पुस्तकाचं नाव कसं लिहायचं. आयएसओ १५९१९ ही २००१ ची लिप्यंतराची प्रमाण पद्धत आहे, अक्षरांवर रेघा-टिंबं असलेली. ती वापरा किंवा साधं रोमन लेखन करा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच ठेवा. तिसरा आपल्या तीन तुकड्यांच्या नावांचा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. परदेशी संगणक मधलं नाव कधी आडनावाला जोडतो, कधी गाळतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे लेख तर दोन वेगळ्या माणसांच्या नावावर जमा होतात. त्यावर उपाय म्हणजे ऑर्किड. २०१२ मध्ये सुरू झालेला हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो आणि नाव बदललं तरी तोच राहतो. पहिला पेपर पाठवण्याआधी तो काढून घ्या, आणि रोमन लिपीतलं नाव कसं लिहायचं ते एकदाच काय ते ठरवा.

नावं आणि परवानग्या

"ताई, विभागप्रमुखांचं नाव टाकावंच लागेल का?" हा प्रश्न मला फोनवर दबक्या आवाजात विचारला जातो. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांचा जो गट १९७८ मध्ये व्हँकूव्हरला पहिल्यांदा जमला, त्याची आजची सूत्रं याचं उत्तर देतात. लेखक म्हणवून घ्यायला चार अटी आहेत: कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मोलाची सुधारणा करण्यात सहभाग, अंतिम प्रतीला संमती, आणि उद्या प्रश्न उभा राहिला तर उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. खोली दिली, सही केली, निधी आणला, एवढ्यावर लेखकपद मिळत नाही. त्यासाठी ऋणनिर्देश आहे. प्रत्यक्षात विभागात राहायचं असतं हे मलाही कळतं. म्हणून हे बोलणं काम सुरू होतानाच करून घ्यावं. पेपर तयार झाल्यावर हा विषय काढला की तोंडं वाकडी होतात.

माणसांवर अभ्यास केला असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख लागते, आणि ती तारीख माहिती गोळा करण्याच्या आधीची हवी. नंतर मिळवता येत नाही. उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारतीय नोंदवहीत नोंदणी हवी. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी सक्तीची आहे. मुलाखतींवर आधारित समाजशास्त्रीय कामालाही आता अनेक जर्नलं मंजुरी मागतात, तेव्हा 'आमच्या विषयात लागत नाही' या समजावर राहू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर कुठे आणि कशासाठी ते सांगा. तिला लेखक म्हणून दाखवता येत नाही, कारण जबाबदारी घेणं तिला शक्य नाही.

वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे आहेत आणि शेवटच्या टप्प्यात प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. यामुळे एक विचित्र खेळ सुरू झालाय. आकडा नऊवर आणण्यासाठी शब्द फिरवायचे, वाक्यं उलटीपालटी करायची. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून घेतली तर आकडा शून्य येईल आणि चोरी चोरीच राहील. उलट, पद्धतीचं ठरावीक वर्णन जुळलं म्हणून कोणी चोर होत नाही. आकड्याखाली जे रंगवलेले भाग येतात ते एकेक उघडून बघा, आणि जिथे अवतरणचिन्हं किंवा संदर्भ राहिलाय तिथे तो द्या.

पाठवताना

आता फाँट. बऱ्याच जर्नलांना पहिल्या वेळी शैली काटेकोर लागत नाही. लेख स्वीकारायच्या बेतात आला की मग ते साच्यात घालायला सांगतात. सूचनांत हे आधी शोधा, वेळ वाचेल. प्लॉस वन या जर्नलमध्ये २०१९ साली आलेल्या एका सर्वेक्षणात संशोधकांनी एका हस्तलिखिताच्या निव्वळ मांडणीवर खर्च केलेल्या वेळेचा मध्यक (मीडियन) १४ तास निघाला होता. दुप्पट अंतर आणि ओळींचे क्रमांक मात्र द्याच. 'पान ७, ओळ १४२' असं रिव्ह्यूअरला लिहिता यावं म्हणून ते असतात.

दोन्ही बाजूंची नावं झाकून रिव्ह्यू होणार असेल तर शीर्षकपान वेगळ्या फाइलमध्ये जातं. मुख्य फाइलमधून नाव काढलं तरी ते वर्डच्या गुणधर्मांत, ट्रॅक चेंजेसच्या खुणांत, 'आमच्या आधीच्या लेखात आम्ही दाखवलं' या वाक्यात, ऋणनिर्देशात आणि कधी चक्क फाइलच्या नावात शिल्लक असतं. वर्डमध्ये दस्तऐवज तपासायची सोय आहे, ती चालवा आणि लपलेली माहिती पुसा. सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे: प्रश्न काय, उत्तर काय, याच जर्नलच्या वाचकाला ते का हवं, आणि लेख दुसरीकडे पाठवलेला नाही.

उत्तर यायला महिने लागतात. 'मोठ्या दुरुस्त्या' असा निकाल आला तर ती चांगली बातमी समजा. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा एका रकान्यात, तुमचं उत्तर दुसऱ्यात, बदल कुठल्या ओळीत केला ते तिसऱ्यात, असा तक्ता करा. पटलं नाही तर नाही म्हणता येतं, पण कारण आणि पुरावा देऊन. रिव्ह्यूअरने काही चुकीचं समजून घेतलं असेल तर लिहिण्यातच काही संदिग्ध राहिलं असेल असं धरून ते वाक्य सुधारा. बहुतेक वेळा तसंच असतं.

लेख स्वीकारला की काही आठवड्यांत छपाईची प्रूफं येतात आणि ती ४८ तासांत परत मागतात. इथे वाक्यं पुन्हा लिहायला परवानगी नसते. सगळ्या लेखकांच्या नावांची स्पेलिंगं, संस्थेचं नाव, तक्त्यातले दशांश, मराठी शब्दांवरच्या रेघा-टिंबं, आकृत्यांचा क्रम एवढं तपासा, तेही कागदावर छापून, एकाने मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने मूळ प्रत धरून. शेवटी करारनामा सही करण्याआधी वाचा. स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या भांडारात किंवा स्वतःच्या पानावर केव्हापासून ठेवता येईल, हे त्यात लिहिलेलं असतं.